एकदम की हळूहळू? रेडिएशनचा डोस आणि त्याला लागलेला वेळ

वाचकाचं पत्र (थोडक्यात)

मी कॅथ लॅबमध्ये (एक्स-रेखाली हृदयाच्या तपासण्या आणि उपचार होतात तिथे) परिचारिका आहे. गेल्या तिमाहीत माझ्या टीएलडी बॅजवर (मिळालेलं रेडिएशन मोजणारा बिल्ला) 2.1 मिलिसीव्हर्ट आलं. एरवी 0.5 च्या आसपास असतं. सहकारी म्हणतात, वर्षाचा आकडा मर्यादेत आहे ना, मग झालं. पण एकदम आलेला डोस जास्त वाईट असतो असं मी वाचलंय. एक जण तर म्हणतो, रोज थोडंथोडं मिळालं की शरीराला सवय होते.

दुसरं, माझ्या वडिलांना स्वरयंत्राच्या कॅन्सरसाठी 33 सिटिंगमध्ये 66 ग्रे (शरीरात शोषलेल्या किरणांचं एकक) असं रेडिएशन चालू आहे. 4 ग्रेने माणूस दगावतो म्हणतात, मग हे कसं चालतं? चौथ्या आठवड्यात मशीन बंद पडलं आणि तीन दिवस बुडाले. एका वेळी दुप्पट डोस देऊन ते भरून काढता येतील का?

शेवटचं, मी एक छोटा रेडिएशन मीटर घेतलाय. घरात 0.12 मायक्रोसीव्हर्ट प्रतितास दाखवतो, विमानात 3 च्या वर गेला आणि कॅथ लॅबमध्ये फ्लुरो (पडद्यावर दिसणारा चालता एक्स-रे) चालू असताना मात्र कधीकधी 0.3! म्हणजे विमान जास्त धोक्याचं का?

उत्तर

ताई, वडिलांचा प्रश्न आधी घेऊ, कारण तो थांबू शकत नाही.

एका वेळी दुप्पट डोस देऊन बुडालेले दिवस भरायचे नसतात. तुमचे डॉक्टरही तसं करणार नाहीत. 2 ग्रे आज आणि 2 ग्रे उद्या, किंवा 4 ग्रे एकाच वेळी, बेरीज दोन्हीकडे 4 च. पेशींच्या हिशोबात मात्र ती सारखी नाही. रेडिओथेरपीत यासाठी एक साधं सूत्र वापरतात. एका सिटिंगचा डोस घ्यायचा, त्याला त्या ऊतीच्या ‘अल्फा-बीटा’ आकड्याने (तो जितका लहान, तितकी मोठ्या सिटिंगची इजा जास्त) भागायचं, त्यात 1 मिळवायचा आणि एकूण डोसला त्याने गुणायचं. गाठीसाठी आणि तोंडाच्या आतल्या त्वचेसारख्या भराभर विभागणाऱ्या ऊतींसाठी अल्फा-बीटा साधारण 10 धरतात. मज्जारज्जू, स्नायूंमधला तंतुमय भाग, कूर्चा अशा उशिरा त्रास देणाऱ्या ऊतींसाठी साधारण 3.

आता आकडे घालून बघा. उशिरा त्रास देणाऱ्या ऊतींसाठी दोन वेळा 2 ग्रे म्हणजे 6.7 एकक परिणाम, आणि एकदम 4 ग्रे म्हणजे 9.3. जवळजवळ 40 टक्के जास्त. गाठीसाठी तेच आकडे 4.8 आणि 5.6, म्हणजे 17 टक्के जास्त. दुप्पट डोस दिला तर गाठीला थोडा जादा मार बसतो आणि आजूबाजूच्या निरोगी भागाला त्याहून कितीतरी जास्त. हा त्रास लगेच दिसतही नाही. काही महिन्यांनी, कधी वर्षांनी गिळायला अडचण, कूर्चेचा क्षय अशा रूपात पुढे येतो. उपचार 33 तुकड्यांत वाटण्यामागचं मुख्य कारण हेच आहे.

तरीही बुडालेले तीन दिवस सोडून देण्यासारखे नाहीत. डोक्या-मानेच्या या प्रकारच्या गाठींमध्ये उपचाराच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर उरलेल्या पेशी वेगाने वाढू लागतात. ती वाढ थोपवायलाच दिवसाला साधारण 0.6 ग्रे खर्ची पडतात. तीन दिवस लांबले म्हणजे सुमारे 1.8 ग्रे, जवळपास एक सिटिंग पाण्यात. लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे गाठ आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एक टक्का किंवा थोडी जास्त घटते, असा अनुभव आहे. म्हणून उपचार संपण्याची मूळ तारीख शक्यतो पाळायची असते. त्याचे रूढ मार्ग दोन: सुटीच्या दिवशी सिटिंग घेणं, किंवा एखाद्या दिवशी नेहमीच्याच 2 ग्रेची दोन सिटिंग घेणं, मध्ये किमान 6 तासांचं अंतर ठेवून.

हे 6 तास कुठून आले ते कळलं की बाकीचं पत्र सोपं होईल. किरणांनी मोडलेलं डीएनए पेशी स्वतः दुरुस्त करते. बऱ्याच ऊतींमध्ये अर्धी दुरुस्ती व्हायला तास-दीड तास लागतो. दीड तास धरला तर 6 तासांत चार वेळा निम्मं होतं आणि सहाएक टक्के काम उरतं. दुसरं सिटिंग जवळजवळ कोऱ्या पाटीवर सुरू होतं. मज्जारज्जू मात्र संथ आहे. तिथे अर्धी दुरुस्ती व्हायला चार तास किंवा जास्तही लागू शकतात. चार तास धरून 6 तासांनी मोजलं तर 35 टक्के नुकसान अजून तसंच असतं. किरणांच्या वाटेत मज्जारज्जू येत असेल तर दोन सिटिंगमधलं अंतर 8 तास असलेलं बरं, आणि असे जोडदिवस लागोपाठ नकोत.

डॉक्टरांना इतकंच विचारा: उपचार संपण्याची मूळ तारीख कोणती होती, आता कोणती आहे, आणि मधला फरक कसा भरून काढणार? ‘बघू’ असं उत्तर मिळालं तर पुन्हा विचारा. हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि शेवटच्या आठवड्यात विचारण्यापेक्षा आत्ता विचारलेला बरा.

4 ग्रेने माणूस दगावतो ते कधी? तेवढा डोस संपूर्ण शरीराला, थोड्या वेळात मिळाला आणि उपचार मिळाले नाहीत तर. 3.5 ते 4 ग्रेला अशा माणसांपैकी निम्मी साठ दिवसांत दगावतात, आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे अस्थिमज्जा रक्तपेशी बनवायची थांबते. वडिलांच्या बाबतीत किरण गळ्याच्या काही सेंटिमीटरच्या भागात जातात. अस्थिमज्जेचा फार मोठा हिस्सा त्या वाटेत येतच नाही. म्हणजे इथे दोन वेगळ्या गोष्टी त्यांना वाचवतात. शरीराचा किती भाग किरणांच्या वाटेत येतो ही एक, आणि डोस किती दिवसांवर पसरला ही दुसरी. बोलताना या दोन्हींची सर्रास सरमिसळ होते. 66 ग्रे एकाच दिवशी दिले असते तर एवढासा भागही जगला नसता.

आणखी एक शंका वडिलांच्या बरोबरीच्या रुग्णांकडून हमखास येते: ‘आज मशीन जास्त वेळ चाललं, जास्त डोस गेला का?’ नाही. डोस ठरलेला असतो, तो पुरा झाला की मशीन थांबतं. कोबाल्टच्या मशीनमध्ये तर स्रोतच दर 5.27 वर्षांनी निम्मा होत जातो, त्यामुळे तेवढाच डोस द्यायला वेळ वाढतोच. 2 ग्रे दोन मिनिटांत गेले की पाच मिनिटांत, याने फरक पडत नाही, कारण पाच मिनिटांत पेशीची दुरुस्ती जेमतेम सुरू होते. तोच डोस अर्ध्या-पाऊण तासावर ताणला तर मात्र परिणाम थोडा सौम्य होऊ लागतो.

पेशीत काय घडतं

1 ग्रे एक्स-रे किंवा गॅमा किरण मिळाले की प्रत्येक पेशीच्या डीएनएत साधारण हजार ठिकाणी एक पदर तुटतो आणि 20 ते 40 ठिकाणी दोन्ही पदर तुटतात. एकेरी तुटीची पेशीला फिकीर नसते. समोरचा पदर शाबूत असतो, त्याच्यावरून नक्कल होते. दुहेरी तूट अवघड. बऱ्याच तुटी अर्ध्या तासाच्या आत जोडल्या जातात, काही मात्र कित्येक तास उघड्या राहतात. उघडी राहिलेली दोन टोकं जवळजवळ असली तर चुकीचं टोक चुकीच्या टोकाला जोडलं जातं. पेशी मरते ती बहुतेक वेळा यामुळे. कर्करोगाची सुरुवातही अशाच चुकीच्या जोडणीतून होऊ शकते.

डोसचा वेग महत्त्वाचा ठरतो तो इथे. एक तूट एकाच किरणाने झाली तर ती आज झाली काय आणि वर्षभराने झाली काय, सारखंच. पण दोन वेगवेगळ्या किरणांनी केलेल्या तुटी एकमेकींना भेटायच्या असतील तर दुसरी तूट पहिली जोडली जायच्या आत व्हायला हवी. फाडणाऱ्याचा हात शिवणाऱ्यापेक्षा जलद असला तरच गोंधळ होतो. परिणामाचा एक भाग डोसच्या सरळ प्रमाणात वाढतो, दुसरा डोसच्या वर्गाच्या प्रमाणात. डोस संथ केला की हा दुसरा भाग गळून पडतो. पहिला भाग कितीही संथ केलं तरी राहतो.

1959 च्या सुमारास एल्काइंड आणि सटन यांनी चिनी हॅमस्टरच्या पेशींवर हे सरळ दाखवलं. तेवढाच डोस दोन भागांत, मध्ये दोन तासांचं अंतर ठेवून दिला, तर एकदम दिल्यापेक्षा कितीतरी जास्त पेशी जगल्या. पुढच्या प्रयोगांतून वेगाचे पट्टे कळले. मिनिटाला 1 ग्रेच्या वर दुरुस्तीला उसंत नसते. तिथून मिनिटाला 0.01 ग्रेपर्यंत खाली येताना फरक सगळ्यात जास्त पडतो. त्याच्या खाली वेग आणखी कमी केला तरी तुटी जोडण्याच्या बाबतीत फारसा फायदा उरत नाही, कारण दुरुस्ती तोवर सगळी होतच असते. आणखी खाली गेलं तर किरण चालू असतानाच पेशी विभागून नुकसान भरून काढतात.

हा आलेख प्रत्येक वेळी सरळ चालत नाही. हेला पेशींमध्ये (प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या कर्करोगाच्या पेशी) तासाला 0.37 ग्रे या वेगाला, त्याहून जास्त वेगापेक्षा अधिक पेशी मेलेल्या आढळल्या. त्या वेगाला पेशी विभाजनाच्या आधीच्या टप्प्यावर अडकतात, आणि नेमका तोच टप्पा किरणांना सगळ्यात नाजूक असतो. दुसऱ्या टोकाला, सेकंदाला 40 ग्रेच्या वरचा अतिजलद मारा प्राण्यांमध्ये निरोगी ऊतींना उलट कमी इजा करतो असं 2014 पासून दिसत आलंय. ‘संथ म्हणजे नेहमीच सौम्य’ हा नियम धरून चालू नका. वृषण हा आणखी एक अपवाद: तिथे तोच डोस तुकड्यांत दिला तर शुक्राणू बनवणाऱ्या पेशींना जास्त फटका बसतो.

अल्फा कण आणि न्यूट्रॉनच्या बाबतीत तर वेगाचा मुद्दा जवळजवळ संपतोच. अल्फा कण एकट्यानेच इतकं दाट नुकसान करतो की दुसऱ्याची वाट बघायची गरज नसते. अल्फा कण सोडणाऱ्या रेडॉन वायूचा धोका म्हणूनच हळूहळू घेतला तरी माफ होत नाही. खाणकामगारांच्या अभ्यासात तर जास्त एकूण डोस असेल तेव्हा तोच डोस लांबवर पसरल्यास दर एककामागचा धोका वाढलेला दिसला. तुमच्या कॅथ लॅबमध्ये अल्फाही नाही, न्यूट्रॉनही नाहीत.

तुमचे 2.1 मिलिसीव्हर्ट

वर सगळी गोष्ट ग्रेची होती. तुमच्या बॅजवर मिलिसीव्हर्ट आहेत, हजारपट लहान. एक्स-रेसाठी 1 मिलिसीव्हर्ट म्हणजे साधारण 1 मिलिग्रे समजा. 1 मिलिग्रे मिळतो तेव्हा शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकातून सरासरी साधारण एकच इलेक्ट्रॉन आरपार जातो. 2.1 मिलिसीव्हर्ट म्हणजे तीन महिन्यांत प्रत्येक केंद्रकातून सरासरी दोन इलेक्ट्रॉन. त्यांपैकी बहुतेकांनी दुहेरी तूट होतही नाही. दोन तुटी एका वेळी, एका ठिकाणी भेटण्याची शक्यता नगण्य. मग तो डोस एका दिवशी आला की नव्वद दिवसांत, पेशीला ते कळायचा मार्गच नाही. मिलिसीव्हर्टच्या घरात एकदम की हळूहळू या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही. तिथे एकूण किती, एवढंच बघायचं.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी. हळूहळू आला म्हणून तो डोस शून्य होत नाही. सरळ प्रमाणातला भाग उरतोच. आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाने नोकरदार प्रौढांसाठी नियोजनाला धरलेला कर्करोगाचा आकडा 1 सीव्हर्टला सुमारे 4 टक्के आहे. त्यात संथ डोससाठी निम्मी सूट आधीच दिलेली आहे. त्याने 2.1 मिलिसीव्हर्टला आयुष्यभरात साधारण 11 ते 12 हजारांत एक एवढी भर पडते. जगात दर पाच माणसांपैकी सुमारे एकाला आयुष्यात कधीतरी कर्करोग होतो, त्याच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा. आणि हा आकडा गटांच्या नियोजनासाठी आहे, एकट्या माणसाचं भविष्य सांगण्यासाठी नाही.

ती निम्मी सूट द्यावी की नाही यावर तज्ज्ञांत खरा वाद आहे. हिरोशिमा-नागासाकीच्या लोकांना डोस काही सेकंदांत मिळाला होता. त्यांचा आकडा संथ डोसला लावताना आयोग 2 ने भागतो, अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या 2006 च्या अहवालाने 1.5 घेतला. केरळच्या करुनागपल्लीत मोनाझाइट या किरणोत्सारी खनिजाच्या वाळूमुळे वर्षाला काही मिलिग्रे, काही घरांत त्याहून बराच जास्त डोस मिळतो. तिथल्या सुमारे 70 हजार रहिवाशांच्या 2009 मधल्या अभ्यासात कर्करोग वाढलेला दिसला नाही. उलट फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या तीन लाखांहून जास्त अणुकामगारांच्या 2023 च्या विश्लेषणात, अगदी संथ मिळालेल्या डोसमागेही धोका निघाला, आणि तो जपानच्या आकड्यापेक्षा कमी नव्हता. आमचं मत विचाराल तर स्वतःसाठी कसलीही सूट न धरता चालावं. तुमच्या आकड्याला त्याने फार तर दुप्पट होईल, म्हणजे सहा हजारांत एक. घाबरण्याजोगं तरीही नाही, दुर्लक्ष करण्याजोगंही नाही.

‘सवय होते’ या म्हणण्याला एक धागा आहे. प्रयोगशाळेत लिम्फोसाइट पेशींना (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) आधी काही मिलिग्रे देऊन मग मोठा डोस दिला तर कधीकधी नुकसान कमी होतं. तो परिणाम काही तास, फार तर थोडे दिवस टिकतो, सगळ्यांच्या पेशींत दिसत नाही. त्यावर विसंबून शिशाच्या ॲप्रनची गाठ सैल सोडणं हा शुद्ध वेडेपणा.

खरा प्रश्न वेगळा आहे: एरवी 0.5 असणारा आकडा चौपट का झाला? किरण सुरक्षा अधिकाऱ्याकडे हे विचारा. तो बॅज ॲप्रनच्या आत होता की बाहेर? 0.5 मिलिमीटर शिशाचं ॲप्रन रुग्णाच्या अंगावरून विखुरलेल्या किरणांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त अडवतं, तेव्हा बाहेरच्या बॅजवरचे 2.1 म्हणजे शरीराला मिळालेला डोस त्याच्या छोट्याशा अंशाएवढा. आत असेल तर 2.1 हे खरंच 2.1, आणि मग तुमचं ॲप्रन फ्लुरोखाली धरून भेगा तपासून घ्यायला हव्यात. घडी घालून ठेवलेल्या ॲप्रनमध्ये घडीच्या रेषेवरच चिरा पडतात. बॅज ॲप्रनला लावलेलाच कॅथ लॅबमध्ये टांगून राहिला होता का? तसं असेल तर तुम्ही घरी झोपला होता तेव्हाही तो डोस मोजत होता. त्या तिमाहीत लांबलेल्या केस, रात्रीच्या इमर्जन्सी, नवीन डॉक्टर, बदललेली उभं राहायची जागा? बहुतेक वेळा उत्तर यातच सापडतं.

जागेवरून आठवलं. रुग्णाच्या त्वचेवर मिनिटाला 30 मिलिग्रे पडत असतील तर एक मीटरवर विखुरलेले किरण साधारण त्याच्या हजाराव्या भागाएवढे, म्हणजे मिनिटाला 0.03 मिलिग्रे, तासाला 1.8. हे ॲप्रनच्या बाहेरचं मोजमाप. दोन मीटरवर ते पाव होतं. सिने (चित्रं साठवून ठेवणारं एक्स-रे चित्रण) चालू झालं की फ्लुरोच्या कितीतरी पट, दहापटही वाढू शकतं. म्हणून सिनेच्या आधी डॉक्टरांनी मोठ्याने सांगावं आणि ज्याचं टेबलाजवळ काम नाही त्याने दोन पावलं मागे व्हावं, ही सवय महागड्या कुठल्याही उपकरणापेक्षा जास्त डोस वाचवते. सेकंदाला 15 ऐवजी 7.5 फ्रेम ठेवल्या तरी डोस निम्म्याच्या आसपास येतो. तसंच सिरिंज द्यायला पुढे जायचं असेल तर पायडलवरून पाय उचलायला सांगा. सांगायला संकोच नको.

डोळ्यांना सूट नाही

एकूण डोस बघा म्हटलं, त्याला तुमच्या कामात सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे डोळ्यांची भिंगं. आयोगाने 2011 मध्ये सांगितलं की मोतीबिंदू होऊ लागण्याची मर्यादा 0.5 ग्रेच्या आसपास आहे, आणि ती एकदम मिळालेल्या डोसलाही तीच, वर्षानुवर्षं साठलेल्या डोसलाही तीच. भिंगातल्या जुन्या पेशी बाहेर टाकल्याच जात नाहीत, साठत राहतात. म्हणून भिंगासाठीची मर्यादा वर्षाला 150 वरून एकदम 20 मिलिसीव्हर्टवर आणली गेली (पाच वर्षांची सरासरी, कोणत्याही एका वर्षात 50 च्या आत).

हिशोब करून बघा: वर्षाला 20 म्हणजे 25 वर्षांत 500, बरोबर त्या उंबरठ्यावर. ॲप्रन डोळ्यांचं काहीच संरक्षण करत नाही. त्यामुळे कॉलरवर, ॲप्रनच्या बाहेर लावलेल्या बॅजचा आकडा हाच तुमच्या डोळ्यांचा अंदाज. आत बॅज लावून आकडा कमी दिसतोय म्हणून समाधान मानू नका. छतावरून लोंबणारी शिशाच्या काचेची ढाल रुग्णाच्या शरीराला जवळजवळ टेकेल इतकी खाली ओढा. वर ठेवलेली ढाल शोभेची. शिशाचे चष्मे बाजूने बंद असलेले घ्या, कारण परिचारिका बहुतेक वेळा मॉनिटरकडे बघत असते आणि विखुरलेले किरण बाजूने, खालून शिरतात.

मीटर काय दाखवतो

मीटर वेग दाखवतो, बॅज बेरीज. विमानात तासाला 3 मायक्रोसीव्हर्ट, दहा तासांत 30. छातीच्या एका एक्स-रेला साधारण 20 मायक्रोसीव्हर्ट लागतात, पण ते सुमारे 20 मिलिसेकंदात. त्याचा वेग काढला तर तासाला 3.6 सीव्हर्ट येतो! त्या वेगाखाली खरंच तासभर उभं राहिलं तर जीव धोक्यात येईल. विमानाच्या तुलनेत वेग बारा लाख पट, एकूण डोस मात्र विमानापेक्षा कमी, आणि धोकाही त्या एकूण डोसच्याच प्रमाणात. नुसता वेगाचा आकडा ऐकून निष्कर्ष काढायचा नसतो. किती वेळ, ते विचारल्याशिवाय तो अर्धवट आहे.

मग कॅथ लॅबमध्ये 0.3 का? कारण तुमचा मीटर तिथे चुकतोय. खिशात मावणाऱ्या बहुतेक मीटरमध्ये गायगर नळी असते. एक कण मोजला की ती साधारण 100 मायक्रोसेकंद आंधळी होते. फ्लुरो सलग नसतो, सेकंदाला 15 वगैरे झटक्यांत येतो, आणि प्रत्येक झटका काही मिलिसेकंदांचा. सरासरी तासाला 2 मिलिसीव्हर्ट असली तरी झटक्याच्या आत वेग त्याच्या आठ-दहा पट असतो. त्या क्षणी नळी भरून जाते, उरलेले कण मोजलेच जात नाहीत. काही मीटर अशा वेळी कमी, काही चक्क शून्य दाखवतात. त्यात असे मीटर अर्ध्या-एक मिनिटाची सरासरी काढतात, तेव्हा पाच सेकंदांचा फ्लुरो तिच्यात विरघळून जातो. शिवाय ते सीझियमच्या 662 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या किरणांवर जुळवलेले असतात. तुमच्याकडचे विखुरलेले किरण त्याच्या दहाव्या हिश्शाएवढ्या ऊर्जेचे, तिथे नळी कमीही दाखवू शकते, जास्तही.

कॅथ लॅबमधल्या मोजमापासाठी आयोनायझेशन चेंबर असलेला सर्व्हे मीटर लागतो. तो सुरक्षा अधिकाऱ्याकडे असतो. टेबलाजवळ, तुमच्या नेहमीच्या जागी, डोळ्यांच्या उंचीवर, ढाल लावून आणि ढाल काढून, फ्लुरोला आणि सिनेला अशी चार मोजमापं घ्यायला सांगा. रुग्णाच्या जागी पाण्याचा किंवा ॲक्रिलिकचा फँटम (शरीराऐवजी वापरायचा नमुना) ठेवावा लागेल, कारण विखुरणारं काही टेबलावर नसेल तर आकडा खोटा कमी येतो. चेंबरचा मीटर ‘इंटिग्रेट’ मोडवर, म्हणजे वेगाऐवजी बेरीज मोजेल असा ठेवायचा आणि एक मिनिट फ्लुरो चालवायचा. मिनिटाच्या त्या बेरजेला तुमच्या एका केसच्या फ्लुरोच्या मिनिटांनी गुणा, मग तिमाहीतल्या केसच्या संख्येने. सिनेचं गणित तसंच, पण सेकंदांत वेगळं करा. दोन्ही मिळवून येणारा आकडा कॉलरच्या बॅजच्या जवळपास आला तर बॅज खरं बोलतोय. फारच लांब गेला, तर बॅज कुठे टांगला जातो तिथून शोध सुरू करा.